दीनानाथरावांनी न सांगितलेली शिक्षा

सिंगापुरात सेरंगूनला आमच्या घराजवळच्या मॉलमध्ये सगळ्यात वर सरकारी वाचनालय आहे. आता मॉलमध्ये वाचनालय ही कल्पनाच मला इतकी आवडली की पहिल्या दिवशी मी दोनदा वर जाऊन खाली आलो. आमच्या गावात वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागची खोली. तीत दोन पेपर आणि एक कॅरम, आणि पेपर वाचायला म्हणून निघालेला माणूस कॅरमवरून भांडून घरी यायचा. इथं मात्र गार हवा, मऊ खुर्च्या आणि शांतता अशी की आपल्याच गुडघ्याची करकर आपल्याला ऐकू यावी.

मी २०१२ च्या मार्च महिन्यात मुलाकडं राहायला आलो. मुलगा विवेक आणि सून अश्लेषा सकाळी कामावर जात, नातू वेदांत शाळेत. मग दिवसभर घरात मी आणि फ्रीज. फ्रीज तरी मधूनमधून हुंकार द्यायचा. म्हणून मी वाचनालय गाठायचो. मी सातवी फायनल झालेला माणूस, इंग्रजी काही येत नाही, पण पेपरातली चित्रं बघायला इंग्रजी कशाला लागतं?

एक दिवस असाच एका फोटोकडं बघून मी बोललो, “हा गडी आमच्या रामू न्हाव्यासारखा दिसतोय की!”

समोरच्या खुर्चीतला माणूस मान वर न करता म्हणाला, “ते एका बँकेचे अध्यक्ष आहेत.”

मराठीत! मी असा उठलो की खुर्ची मागं आपटली. त्या गृहस्थांनी ओठांवर बोट ठेवलं, भिंतीवरची पाटी दाखवली आणि मला हाताला धरून बाहेर आणलं. ते दीनानाथराव.

सडपातळ माणूस, वय साठ-पासष्टच्या मधलं. त्या उकाड्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा, इस्त्रीचा शर्ट. राहायला आमच्या पुढच्याच स्टेशनला, कोवनला, पण पेपर वाचायला सेरंगूनला यायचे. मूळचे गिरगावातले. ऐन तिशीत सिंगापूरला आले, तांजोंग पगारच्या एका कचेरीत हिशेब बघायचे, पुढं इथलेच नागरिक झाले. बायको शुभदाताई आदल्या वर्षी गेलेल्या. मुलगी इरा पर्थला. ती रविवारी फोन करायची, इंग्रजीतून. हे सगळं मला कळायला दोन महिने लागले, कारण हा माणूस बोलायचाच नाही. मी बोलायचो. खालच्या फूड कोर्टात चहा घेऊन बसायचो आणि मी आमच्या गावचं एकेक काढायचो. ते ऐकायचे. मध्ये “बरं” म्हणायचे. गोष्ट संपली की रुमालानं टेबलावरचा चहाचा गोल पुसायचे.

शेवटी मीच विचारलं, “दीनानाथराव, तुम्ही मुळातच असे की इथं येऊन झालात?”

“माझं बोलून झालंय, आबा,” ते म्हणाले. “दुसऱ्यांचंच इतकं बोललोय.”

तेव्हा कळलं की निवृत्त झाल्यावर ते कोर्टात दुभाष्याचं काम करायचे. इथल्या कोर्टात तमिळ, चिनी, मलाय बोलणारे पगारी दुभाषे असतात. पण मराठी बोलणारा आरोपी येऊन येऊन कितीसा येणार? वर्षातून एखादा. मग फोन यायचा आणि दीनानाथराव कोट घालून जायचे.

आणि त्या कामाची एक रीत मला त्यांनी सांगितली, ती ऐकून मी थक्क झालो. दुभाष्यानं “हा म्हणतो की याच्या पोटात दुखतंय” असं सांगायचं नाही. “माझ्या पोटात दुखतंय” असंच सांगायचं. आरोपी म्हणेल ‘मी’, तर तुम्हीही ‘मी’. न्यायाधीश म्हणतील ‘मी’, तर मराठीतसुद्धा ‘मी’. स्वतःचं काहीही मध्ये घालायचं नाही. हुंदकासुद्धा नाही.

“म्हणजे सोंगाड्याच की!” मी म्हणालो.

“सोंगाड्याला लोक हसतात तरी,” ते म्हणाले. मग म्हणाले, “एकदा मात्र हसले होते.”

ती हकिकत मी आजवर किमान शंभर जणांना सांगितली असेल. साताऱ्याकडची एक आजी नातवाच्या बारशाला सिंगापूरला आली. विमानतळावर तिच्या पिशवीत मिश्रीचा डबा सापडला. डबा म्हणजे डबाच, चांगला तुपाचा मोठा. इथं तसली तंबाखू आणणं गुन्हा. आजीला कोर्टापुढं उभं केलं. न्यायाधीशबाईंनी विचारलं, एवढी तंबाखू कशाला? आजी म्हणाली, आणि दीनानाथरावांनी कोट-टायमध्ये, ताठ उभं राहून, गंभीर इंग्रजीत सांगितलं, “मी विधवा आहे. माझं पहिलं बाळंतपण झालं तेव्हापासून मी मिश्री लावते. ती लावल्याशिवाय मला परसाकडला होत नाही.”

मागच्या बाकावरचा शिपाईसुद्धा तोंडावर हात धरून खाली बसला म्हणे. आजीला थोडा दंड झाला. जाताना ती दीनानाथरावांना म्हणाली, “लेकरा, तू माझ्यावानी बोललास बघ.”

हे सांगताना त्यांचा चेहरा क्षणभर उजळला होता. मी म्हणालो, “अजून सांगा की एखादी!” त्यांनी रुमाल काढून टेबल पुसायला घेतलं. दुसरी होती, पण ती त्या दिवशी निघाली नाही.

ती निघाली जुलै महिन्यात, आणि तीही पेपरामुळं. त्या दिवशी मी वाचनालयात गेलो तर दीनानाथराव उभ्यानंच पेपर वाचत होते. इस्त्रीच्या शर्टाला घामाचे डाग. मला बघून ते स्वतःच म्हणाले, “खाली चला, आबा.”

खाली आल्यावर त्यांनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. सिंगापूरचा तेव्हाचा कायदा असा, की खून शाबीत झाला की न्यायाधीशाच्या हातात काही उरत नसे. फाशी. परिस्थिती काय, मनात काय होतं, कशानंही शिक्षा बदलायची नाही. आता सरकारनं संसदेत सांगितलं होतं की हा कायदा बदलायचा विचार आहे. जीव घ्यायचाच असं मनात धरून केलेला खून असेल तर फाशीच. पण जीव घ्यायचं मनात नसताना मारलेला घाव जीवघेणा ठरला असेल, तर फाशी द्यायची की जन्मठेप, हे न्यायाधीशानं बघून ठरवायचं. आणि ज्यांना आधीच शिक्षा झाली आहे, पण अजून अंमल झालेला नाही, त्यांनाही पुन्हा कोर्टापुढं उभं राहायची वाट मिळणार.

“चांगलंच आहे की,” मी म्हणालो. “पण तुम्हाला घाम का फुटलाय?”

“माझा एक आहे आत,” दीनानाथराव म्हणाले.

मी दचकलो. मला वाटलं भाऊ-पुतण्या कुणी. तसं नव्हतं. प्रताप नावाचा लातूरकडचा पोरगा, तुआसला जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात वेल्डर. कामगारांच्या वसतिगृहात एका खोलीत बाराजण. स्वयंपाकघरात शेगड्यांची पाळी असायची. एका रविवारी पाळीवरून प्रतापची आणि खोलीतल्याच एका तेलंगणाच्या पोराची जुंपली. आईवरून शिवी निघाली. प्रतापच्या हाताशी लोखंडी पाना होता. एकच घाव बसला आणि तो पोरगा दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दगावला. गेला तो पोरगाही कुणाच्या तरी पैशाची वाट बघणाऱ्या घरातलाच. दीनानाथराव त्याचंही नाव घ्यायचे, विसरायचे नाहीत.

तो सगळा खटला दीनानाथराव प्रतापच्या पिंजऱ्याशेजारी उभे राहिले. डॉक्टर बोलले, पोलीस बोलले, खोलीतले सोबती बोलले, ते सगळं त्यांनी हळू आवाजात प्रतापच्या कानाशी मराठीत सांगितलं. प्रताप बोलला ते इंग्रजीत कोर्टाला सांगितलं. “मी पाना उचलला. मी मारला. मला वाटलं नव्हतं तो मरंल.” असं भर कोर्टात स्वतःच्या तोंडानं. बाहेर मात्र दोघांनी एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही, असा नियम. पाणी हवं का, एवढंसुद्धा विचारायचं नाही.

“निकालाचा सोमवार ठरला,” दीनानाथराव म्हणाले. “गुन्हा शाबीत झाला तर काय वाक्य येणार हे मला ठाऊक होतं. ते दुसरं काही असूच शकत नव्हतं. ऐनवेळी जीभ अडखळू नये, म्हणून मी रविवारी दुपारी घरी तालीम केली. खिडकीपाशी उभा राहून मोठ्यानं म्हटलं. तुला फासावर लटकवून, मरेपर्यंत, असं सगळं. दोनतीनदा. शुभदा आत भात निवडत होती. ताट तसंच हातात घेऊन बाहेर आली. म्हणाली, कुणाला म्हणताय हे? मी म्हटलं, उद्याचं पाठ करतोय. ती म्हणाली, अहो, घरात असं अभद्र बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणते.”

आमच्याकडं हे प्रत्येक घरात म्हणतात. पोरगं चिडून “मरू दे” म्हणालं तरी आई तोंडावर चापट मारते, म्हणते, घराला कान असतात, ते तथास्तु म्हणतं. मला पुढचं न सांगताच कळलं. शुभदाताईंना त्यानंतर वर्षाच्या आतच कॅन्सरचं दुखणं निघालं, आणि त्या गेल्या.

“दीनानाथराव,” मी म्हणालो, “तुम्ही शिकलेले माणूस. कॅन्सरला काय तुमचं पाठांतर कळतं?”

“शिकलेला आहे म्हणूनच कुणाला सांगत नाही,” ते म्हणाले. “इराला सांगितलं तर ती म्हणेल, बाबा, सी समवन. म्हणजे मनाच्या डॉक्टरकडं जा.”

मग मी न विचारताच त्यांनी सोमवारचं सांगितलं. न्यायाधीशांनी शिक्षा वाचली. दीनानाथरावांनी प्रतापकडं तोंड करून मराठीत सांगितली, एकदाही न अडखळता. प्रताप त्यांच्याकडंच बघत होता. खटल्याचे इतके दिवस त्या कोर्टात त्याला कळेल असं बोलणारे हे एकटेच. तो म्हणाला, “काका, हे तुम्ही म्हणताय का ते साहेब म्हणतायत?”

आता नियमाप्रमाणं आरोपी जे बोलला ते कोर्टाला सांगायलाच हवं. दीनानाथरावांनी सांगितलं. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि शांतपणानं उत्तर दिलं. ते उत्तर पुन्हा प्रतापला मराठीत सांगायला हवं होतं, आणि ते होतं, “हे मी म्हणतो आहे.”

“आणि तुम्ही तसंच...?”

“तसंच म्हणालो. दुसरं कसं म्हणणार?”

त्या दिवशी टेबलावरचा चहाचा गोल मी पुसला.

नोव्हेंबरात तो कायदा संसदेत मंजूर झाला. त्या संध्याकाळी विवेक जेवताना मोबाइलवर बातमी वाचून दाखवत होता. मी इतक्या जोरात “शाब्बास!” म्हणालो की वेदांतच्या हातातला चमचा पडला. “आबा, सो लाउड कॅनॉट, ला,” तो इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाला, म्हणजे एवढ्या मोठ्यानं नको. त्याला काय सांगणार? अश्लेषानं विचारलं, “आबा, तुम्हाला कायद्यात एवढा रस कधीपासून?” मी म्हणालो, “आमच्या दीनानाथरावांचा एक आहे आत.” दोघंही माझ्याकडं बघत राहिले. मग मला सगळं सविस्तर सांगावं लागलं, आणि वरण गार झालं.

दुसऱ्या दिवशी दीनानाथराव वाचनालयात नव्हते. मी कोवनला गेलो आणि त्यांच्या इमारतीखाली वाट बघत बसलो. ते आले ते हातात ड्रायक्लीनच्या पिशवीत काळा कोट घेऊन.

“फोन आला?” मी विचारलं.

“अजून नाही. पण येणार. खटल्याला मीच होतो, पुढचंही माझ्याकडंच येईल.” त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “आबा, मला फक्त जन्मठेपेचं तेवढं एक वाक्य त्याच्याकडं तोंड करून म्हणायचंय. त्याच जागी उभं राहून. मग मला कुणी पुन्हा बोलावलं नाही तरी चालेल.”

“आणि न्यायाधीशांनी परत फाशीच दिली तर?”

माझी जीभ अशी. बोलून गेल्यावर मला कळलं. पण त्यांनी त्यावर बरेच दिवस विचार केलेला असावा. “तरीही मीच सांगणार,” ते म्हणाले. “त्याला ते परक्याकडून ऐकायला लागू नये.”

नंतरचे सहा-सात महिने मी त्यांना जितकं बोलताना ऐकलं तितकं आधी कधीच नाही. कायदा जानेवारीपासून लागू झाला. एकेक प्रकरण कोर्टापुढं येऊ लागलं. दीनानाथराव पेपरातून मला सांगायचे, अमक्याची फाशी जाऊन जन्मठेप झाली, तमक्याचं अजून चाललंय. वरच्या कोर्टानं प्रतापचा गुन्हा जीव घेण्याच्या इराद्याचा नव्हता असं ठरवलं आणि शिक्षेसाठी त्याला पुन्हा जुन्या न्यायाधीशांपुढं पाठवलं. तारीख पडली. एके दिवशी ते म्हणाले, “जन्मठेप हा एकच शब्द आहे, एका दमात म्हणता येतो, ते एक बरं आहे.” मी म्हणालो, “घरी तालीम केली का?” ते म्हणाले, “केली तर!” आणि हसले. खरंखुरं हसले.

आणि मग एका वकीलबाईंचा फोन आला.

मी समोरच बसलो होतो. प्रतापच्या वकीलबाई, तरुण, मोठ्या सौजन्यानं बोलत असाव्यात, कारण दीनानाथराव सारखे “येस, येस” म्हणत होते. मग त्यांचं “येस” म्हणणंसुद्धा थांबलं. फोन ठेवून त्यांनी चहाचा कप उचलला आणि तसाच परत ठेवला.

“काय झालं?”

“त्यानं हिंदी दुभाषी मागितलाय.”

“कोणी?”

“प्रतापनं. म्हणतो, मला हिंदी येतं, हिंदी चालेल. ते काका नकोत.”

मला आधी रागच आला. म्हणालो, “का? तुम्ही काय वाकडं केलं त्याचं?”

“काही नाही. तो रागावलेलाही नाही म्हणे. बाईंनी विचारलं त्याला. म्हणाला, काका चांगले आहेत. पण तुरुंगात डोळा लागला की त्यांचाच आवाज येतो. ते तोंड उघडणार म्हटलं की मला फाशीच ऐकू येते.”

“अहो, पण तुम्ही तर नुसतं तोंड! बोलणारा वेगळाच होता!”

“तोंडच लक्षात राहतं, आबा.”

वकीलबाईंचं म्हणणं असं, की कोर्टाला जुनाच दुभाषी बरा वाटतो, सगळी जबानी मराठीत झालेली आहे. दीनानाथरावांनी होकार दिला तर कोर्ट त्यांनाच बोलावणार, आरोपीची आवड हा काही फार मोठा मुद्दा नव्हे. त्यांनीच त्या दिवशी जमणार नाही असं कळवलं, तर मात्र हिंदीवर भागवतील. म्हणजे गोष्ट त्यांच्याच हातात ठेवली होती बाईंनी. मला तर वाटतं, मोठी अवघड वस्तू हातात ठेवली.

मी त्यांना म्हणालो, “तुम्ही जा. त्याला काय कळतंय? तुमच्याच तोंडून चांगलं ऐकलं की त्याची भीती जाईल. साप चावला तर विष उतरवायला त्यालाच बोलावतात म्हणे.” आमच्या गावात खरोखर तसं म्हणायचे, आलेला साप मी कधी पाहिला नाही.

“आणि चांगलं नसलं तर?” ते म्हणाले. “दुसऱ्यांदा?”

मी चहाच्या कपात उगाच चमचा फिरवला.

“आणि चांगलं असलं तरी,” ते पुढं म्हणाले, “ते ऐकेपर्यंत तो मला बघत उभा राहील. तासभर, दोन तास. माझ्यासाठी त्यानं ते का सोसायचं? ते वाक्य मला हवंय. त्याला नकोय.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोर्टात कळवलं की त्या तारखेला आपण मोकळे नाही. तारखेच्या दिवशी ते इतके मोकळे होते की मला सकाळीच न्यायला आले.

“तुम्ही आत जा,” ते म्हणाले. “तुम्हाला हिंदी कळतं. मी बाहेर बसतो.”

सिटी हॉल स्टेशनपासून चालत गेलो. दारात तपासणी. माझ्या पिशवीतून अडकित्ता निघाला. शिपायानं तो दोन बोटांत धरून उचलला, उघडला, मिटला, आणि दुसऱ्या शिपायाला बोलावलं. दीनानाथरावांना इंग्रजीत समजावून सांगावं लागलं की या माणसाला जेवणानंतर सुपारी लागते आणि हे हत्यार फक्त सुपारीवर चालतं. अडकित्ता ठेवून घेतला, पावती दिली. मी म्हणालो, “बघा, आलंच की नाही काम तुमचं!” ते हसले नाहीत. बाहेरच्या लांब बाकावर जाऊन बसले. कोट मात्र त्यांनी घातला होता.

आत प्रेक्षकांच्या बाकांवर मी आणि दोन पेपरवाले. प्रतापचं कुणी नव्हतं, आणि त्या तेलंगणाच्या पोराचंही कुणी नव्हतं. इतक्या लांबून कोण येणार, आणि कशानं? दोन आयांच्या पोरांचा निकाल, आणि ऐकायला मी, ज्याचं कुणाशी काही नातं नाही.

प्रतापला आणलं. मला वाटलं होतं आडदांड गडी असेल. पण तो आमच्या दूधवाल्याच्या पोरासारखा निघाला, खांदे पुढं पडलेले. पिंजऱ्यात येताच त्यानं पहिल्यांदा न्यायाधीशांकडं पाहिलं नाही. दुभाषी उभा राहतो त्या जागेकडं पाहिलं. तिथं हिरव्या साडीतल्या एक बाई होत्या. मग त्यानं मागं आमच्या बाकांवर नजर फिरवली. माझ्यावरून ती गेली आणि परत जागेवर आली.

बराच वेळ इंग्रजी चाललं. बाई हळू आवाजात हिंदीत सांगत होत्या. सरकारी वकिलांनी फाशीचा हट्ट धरला नाही, एवढं मला कळलं. मग सगळे उठले, मीही उठलो. न्यायाधीश बोलले आणि बाई प्रतापकडं वळून म्हणाल्या, “मैं आपको उम्रकैद की सज़ा सुनाता हूँ।” त्याही ‘मैं’च म्हणाल्या. पुढं बेंत मारायची शिक्षाही होती. तीही त्यांनी तशीच सांगितली. प्रताप मान हलवत होता. बाई थांबल्यावरही हलवत राहिला. विचारलं नाही कुणाला, की हे कोण म्हणतंय.

मी बाहेर आलो. दीनानाथराव उठून उभे राहिले होते. कोटाचं बटण लावत होते.

आता गंमत बघा. आजवर त्यांनी दुसऱ्यांना सांगितलं, आणि त्यांना कुणी सांगायची ही पहिलीच वेळ. मी वाटेत शब्द जुळवत आलो होतो, चांगलं रंगवून सांगावं असं. पण त्यांचा चेहरा बघितला आणि माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, “जन्मठेप. वाचला.”

त्यांनी डोळे मिटले. मग विचारलं, “फटके?”

“आहेत.”

“हं.” ते बाकावर बसले. “तो काय म्हणाला?”

“काही नाही म्हणाला.”

“काहीच नाही?”

“मान हलवत होता.”

मी थांबायला हवं होतं. पण मला अर्धं सांगता येत नाही, कधीच आलं नाही. मी सांगितलं की आत आल्या आल्या त्यानं दुभाष्याच्या जागेकडं पाहिलं. आणि मग मागच्या बाकांवरसुद्धा.

दीनानाथरावांनी लावलेलं कोटाचं बटण पुन्हा सोडलं. “मी नाही ना, याची खात्री करत होता,” ते म्हणाले. आणि मग अगदी हळू, “की मला शोधत होता?”

“ते मला कसं कळणार, दीनानाथराव?” मी म्हणालो. “मी मागं होतो. क्षणभर तोंड वळलं तेवढंच, बाकी मला त्याची मानच दिसत होती.”

अडकित्ता परत घेतला. स्टेशनवर आलो. गाडी बदलून आमच्या लाइनला लागलो. दुपारची वेळ, डबा रिकामा. दीनानाथरावांनी कोट काढून मांडीवर घडी करून ठेवला आणि म्हणाले, “आबा, काहीतरी बोला.”

“काय बोलू?”

“काहीही. तुमच्या गावचं. मी मध्ये बोलणार नाही.”

मग मी आमच्या सातवी फायनलच्या परीक्षेचं काढलं. तालुक्याहून साहेब आलेले, कडक म्हणजे असे कडक की गावात कुत्री भुंकायची थांबली. आणि गणिताचा पेपर चालू असताना पाटलांची म्हैस दाव्यासकट वर्गात शिरली. साहेब म्हणाले, “हिचा नंबर काय?” आमचे गुरुजी इतके घाबरलेले, की त्यांनी यादीत बघायला सुरुवात केली.

दीनानाथराव ऐकत होते. सेरंगून आलं. दारं उघडली, मॉलचा उजेड दिसला. मी उठायला हवं होतं, पण म्हैस अजून वर्गातच होती. दारं मिटली. मग कोवन आलं, त्यांचं स्टेशन. तेही उठले नाहीत. कोटावर दोन्ही हात ठेवून समोरच्या काळ्या काचेकडं बघत म्हणाले, “मग? पुढं?”

मी सांगत राहिलो. गाडी शेवटच्या स्टेशनाकडं चालली होती.